हक्काचा धुरा

मनुष्यास मिळालेले जे मूलभूत हक्क, त्यांस मर्यादा घालण्याचा अधिकार न्यायालयास आहे काय, आणि मर्यादा घातल्यावर तो हक्क हक्क राहतो काय, हा प्रश्न वरवर पाहता वकिलांचा व पंडितांचा वाटतो. परंतु आमच्या वऱ्हाडातील खेड्यापाड्यांच्या मंडळ्यांस तो परका नाही. जातीचा दाखला काढताना, रात्री पेटी-तबला घेऊन भजनास बसताना, बाजाराच्या दिवशी शुभवर्तमानाची पत्रके वाटताना तो पुढे उभा राहतो. अशा वेळी एक भाऊ म्हणतो, "धर्म पाळण्याचा हक्क आम्हांस घटनेने दिला आहे, मग अडविणारा हा कोण?" दुसरा म्हणतो, "कोर्टाने एकदा बंधन घातले की हक्क संपला. मग ती घटना कशास?" आमच्या मते ही दोन्ही बोलणी अर्ध्या विचाराची आहेत. म्हणून प्रिय वाचकांनी आमच्याबरोबर थोडा वेळ बसून या गोष्टीचा शांतपणे विचार करावा, अशी आमची विनंती आहे.

प्रथम घटना काय सांगते ते पाहू. भारताची घटना २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आली. तिच्या पंचविसाव्या कलमात सद्सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य, आणि आपला धर्म उघडपणे स्वीकारण्याचा, आचरण्याचा व त्याचा प्रसार करण्याचा हक्क सांगितला आहे. येथे दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली ही की, हा हक्क कोणा एका समाजास नव्हे, तर सर्व मनुष्यांस सारखाच दिला आहे. दुसरी ही की, त्या कलमाचा आरंभच मर्यादेने होतो: सार्वजनिक सुव्यवस्था, नीती व आरोग्य आणि इतरांचे मूलभूत हक्क यांस धक्का न लावता हा हक्क भोगावयाचा आहे. या दोन गोष्टी परस्परविरुद्ध नाहीत. हक्क सर्वांस सारखा आहे म्हणूनच तो अमर्याद असू शकत नाही. माझ्या हक्कापुढे कोठे तरी शेजाऱ्याचा हक्क उभा असतोच.

शेतकऱ्यास हे समजावून सांगावयास नको. दोन शेतांच्या मध्ये धुरा असतो. धुरा आहे म्हणून शेत कोणी हिरावून घेतले असे होत नाही. उलट धुऱ्यामुळेच हे शेत माझे व ते तुझे, हे ठरते. परंतु असाही शेजारी असतो की जो दरसाल नांगराचे एक तास धुऱ्यावर घालतो, आणि दहा वर्षांत धुरा सरकत सरकत दुबळ्याच्या विहिरीपर्यंत येऊन पोहोचतो. तेव्हा धुरा असावा की नसावा हा खरा प्रश्नच नव्हे. तो कोठे असावा, आणि कोणाच्या भल्यासाठी तो सरकविला जात आहे, हा खरा प्रश्न होय. न्यायालये हक्कांस ज्या मर्यादा घालतात, त्यांसही हाच प्रश्न विचारावा, असे आमचे म्हणणे आहे.

योग्य मर्यादेचे उदाहरण आधी घेऊ. १९२७ साली अमरावतीस अंबादेवीच्या मंदिरात अस्पृश्य मानलेल्या लोकांस प्रवेश मिळावा म्हणून चळवळ उभी राहिली, आणि त्या वर्षीच्या नोव्हेंबरात तेथे भरलेल्या परिषदेचे अध्यक्षस्थान डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी स्वीकारले. त्या काळी मंदिराचे दार बंद ठेवणाऱ्यांस आपला तो धार्मिक हक्कच वाटत असे. पुढे घटना झाल्यावर हाच वाद दुसऱ्या एका मंदिराच्या निमित्ताने सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. दक्षिण कानडा जिल्ह्यातील मुल्की या गावी गौड सारस्वत ब्राह्मणांचे व्यंकटरमणाचे मंदिर आहे. आपल्या संप्रदायाचा कारभार आपण पाहावा, हा हक्क घटनेचे सव्विसावे कलम देते. मग आत कोणास घ्यावे हे आम्हीच ठरवू, असे विश्वस्तांचे म्हणणे होते. १९५७ साली न्यायालयाने निर्णय दिला की, संप्रदायाचा हक्क खरा आहे. पण हिंदूंच्या सर्व वर्गांस मंदिर खुले करणाऱ्या कायद्यापुढे त्याने नमले पाहिजे. मात्र काही विशेष विधी त्या संप्रदायापुरते राखून ठेवण्यास हरकत नाही, असेही न्यायालयाने म्हटले. वाचकहो, येथे हक्कास मर्यादा पडली खरी. पण ती ज्यास पिढ्यान्‌पिढ्या दाराबाहेर उभे केले होते त्याच्यासाठी पडली. अशा मर्यादेस जुलूम म्हणता येत नाही. ती न्यायाचीच एक बाजू होय.

दुसऱ्यास घातलेली मर्यादा गोड वाटणे सोपे आहे. आता आम्हां ख्रिस्ती लोकांस घातलेली पाहा. मद्रास शहरातील एका मंडळीत उपासनेच्या वेळी ध्वनिक्षेपक, ढोल व इतर वाद्ये मोठ्याने वाजत, आणि शेजारच्या वसाहतीने त्याविरुद्ध दाद मागितली. मंडळीचे म्हणणे, हा आमच्या उपासनेचा हक्क आहे. ऑगस्ट २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, शेजाऱ्याची शांतता भंग करून किंवा ध्वनिक्षेपक लावून प्रार्थना करावी असे कोणताही धर्म शिकवीत नाही. आजारी माणूस, वृद्ध, परीक्षेस बसणारे मूल, तान्हे बाळ यांसही स्वस्थतेचा हक्क आहे. त्याच वर्षी झालेल्या सरकारी नियमांप्रमाणे रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास सामान्यतः मनाई आहे. ज्या मंडळ्या नाताळात किंवा संजीवन सभांच्या दिवसांत रात्री उशिरापर्यंत कर्णे लावतात, त्यांनी हा निकाल छळ समजू नये. पलीकडच्या घरातील तापाने फणफणलेल्या पोरास झोप लागू द्यावी, हे शिकण्यास खरे पाहता आम्हांस न्यायालयाची गरज पडू नये.

परंतु प्रत्येक बंधन असे शेजाऱ्याच्या हितासाठी असते असे नाही. कित्येकदा कायद्यात नसलेले बंधन केवळ बहुजनांस रुचते म्हणून घातले जाते, आणि तेथे न्यायालयाने हक्काच्या बाजूस उभे राहावयाचे असते. १९८५ साली केरळात तीन मुलांस शाळेतून काढून टाकले. राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहत, पण आपल्या पंथाच्या समजुतीप्रमाणे ते गात नसत. त्यांचा पंथ आमच्या मंडळ्यांहून भिन्न आहे, आणि त्यांची ही समजूत आम्हांस पटत नाही. तरी १९८६ साली न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी जो निकाल दिला तो आम्हांस योग्य वाटतो. गावेच असे सांगणारा कायदा नाही; मुलांनी अनादर केलेला नाही; आणि त्यांची श्रद्धा इतरांस विचित्र वाटते की नाही हे पाहणे न्यायालयाचे काम नव्हे, ती मनापासून धरलेली आहे की नाही एवढेच पाहावयाचे. जो हक्क केवळ लोकमान्य श्रद्धेसच लागू पडतो, त्याची कोणास गरज आहे? लोकमान्य माणसास लोकच सांभाळून घेतात. हक्काची गरज एकट्यास असते.

अगदी आपल्या घरचे उदाहरण अकोला जिल्ह्यातील पातूरचे आहे. तेथील नगरपरिषदेच्या पाटीवर मराठीखाली उर्दूतही नाव लिहिलेले होते, आणि १९५६ पासून नगरपरिषदेत उर्दूचा उपयोग होत आला होता. एका माजी नगरसेविकेने त्यास हरकत घेतली. जिल्हाधिकाऱ्यांनी २०२० साली ती मान्य केली, अमरावतीच्या विभागीय आयुक्तांनी २०२१ साली तो हुकूम फिरविला, आणि वाद नागपूर खंडपीठावरून सर्वोच्च न्यायालयात गेला. १५ एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने सांगितले की, मराठी वापरलीच पाहिजे असे कायदा म्हणतो. मराठीबरोबर दुसरी भाषा लिहू नये असे तो म्हणत नाही. भाषा म्हणजे धर्म नव्हे, असेही बजावले. या निकालातून साधा धडा घेण्यासारखा आहे: जेथे कायद्याने मनाई केलेली नाही, तेथे नावड ही मनाई होऊ शकत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हा लेख लिहावयास घेतला तिच्याकडे वळू. जातीच्या दाखल्यांची पडताळणी करणाऱ्या समित्या व त्यांची दक्षता पथके १९९४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालानंतर उभी राहिली. खोट्या दाखल्यांनी खऱ्या हक्कदाराचे नुकसान होऊ नये, हा त्यांचा हेतू योग्यच आहे. अमरावतीच्या समितीपुढे एका सतरा वर्षांच्या मुलीचा महार जातीचा दावा आला. पथकाचा अधिकारी घरी गेला, त्यास भिंतीवर प्रभु येशूचे चित्र दिसले, आणि त्यावरून घर ख्रिस्ती झाले असा निष्कर्ष निघाला. सप्टेंबर २०२२ मध्ये मुलीचा दावा फेटाळला गेला. चित्र कोणी तरी भेट दिलेले होते व ते भिंतीस लावले, आम्ही बौद्ध रीतीने चालतो, असे कुटुंबाचे म्हणणे होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने समितीचा हुकूम रद्द केला. घरात येशूचे चित्र आहे एवढ्यावरून माणसाने धर्म बदलला, असे कोणताही समंजस मनुष्य मानणार नाही, हा न्यायालयाच्या म्हणण्याचा आशय होता. बाप्तिस्मा झाल्याचा पुरावा कोणी पुढे आणलेलाच नव्हता.

हा निकाल त्या मुलीच्या बाजूने झाला, यात आम्हांस आनंद आहे. भिंतीवरून अंतःकरण वाचू पाहणाऱ्या अधिकाऱ्यास न्यायालयाने थांबविले. परंतु वाचकांनी निकालाच्या मागे उभा असलेला कायदाही पाहावा. ते चित्र भेटीचे नसते, त्या घराची श्रद्धाच ते असते, आणि बाप्तिस्म्याची नोंद सापडली असती, तर काय झाले असते? १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा मनुष्य प्रथम हिंदूच असला पाहिजे असे होते. १९५६ साली शीख व १९९० साली बौद्ध बंधूंस त्यात घेण्यात आले, आणि ते योग्यच झाले. ख्रिस्ती व मुसलमान बाहेर राहिले. आमच्या राज्यात अशा ख्रिस्ती झालेल्यांस इतर मागास वर्गांत स्थान आहे. पण अनुसूचित जातीच्या सवलती, राखीव जागा व अत्याचारापासून संरक्षण देणारा विशेष कायदा त्यांस मिळत नाही. १९८५ साली मद्रासच्या एका ख्रिस्ती चांभाराने दाद मागितली, तेव्हा सर्वोच्च न्यायालय म्हणाले की, धर्म बदलल्यावरही तीच हीनता तितक्याच तीव्रतेने चालू राहते, हे पुराव्याने दाखविले पाहिजे. २०२२ साली या प्रश्नाच्या चौकशीसाठी माजी सरन्यायाधीश के. जी. बाळकृष्णन यांचा आयोग नेमण्यात आला. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये पुदुच्चेरीच्या एका स्त्रीच्या खटल्यात न्यायालयाने बजावले की, मनाने ख्रिस्ती राहून केवळ नोकरीसाठी हिंदू असल्याचे सांगणे ही घटनेची फसवणूक होय.

येथे आम्ही दोन गोष्टी स्पष्ट बोलतो, आणि दोन्ही कडू आहेत. पहिली ही की, खोटे सांगू नये हे न्यायालयाचे म्हणणे आम्हांस मान्य आहे. ते ख्रिस्ती शिकवणीहून वेगळे नाही. दुसरी ही की, ज्या कायद्याने खरे बोलण्यावर किंमत लावली आहे, तो कायदा सद्सद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्याशी जुळत नाही. अमरावतीच्या एखाद्या खेड्यात ज्या मनुष्यास गावच्या विहिरीवर कालपर्यंत वेगळे पाणी भरावे लागे, तो बाप्तिस्मा घेताच गावाने त्यास वेगळ्या नजरेने पाहिले काय? त्याची वस्ती बदलली काय, की त्याची शेती वाढली? गावाच्या लेखी त्याची जात राहते, सरकारच्या लेखी ती जाते, आणि दोन्ही लेख्यांत तोटा त्याचाच होतो. कोणी तुरुंगात घालीत नाही, कोणी दार बंद करीत नाही. तरी मुलाच्या शिष्यवृत्तीकडे पाहून बाप आपली श्रद्धा ओठांत ठेवतो. आम्ही वर विचारलेला प्रश्न येथे लावून पाहावा. या मर्यादेने कोणत्या शेजाऱ्याच्या हक्काचे रक्षण होते? सवलतीतील वाटेकरी वाढतील, ही आमच्या बौद्ध व हिंदू दलित बंधूंची भीती खोटी नाही, आणि तिचा विचार झाला पाहिजे. पण तिचे उत्तर वाटा मोजून देता येते. अंतःकरण मोजून देता येत नाही.

प्रसाराच्या हक्काविषयीही असेच दुहेरी बोलावे लागते. १९६८ साली मध्य प्रदेशात धर्मस्वातंत्र्याचा कायदा झाला. बळजबरी, फसवणूक किंवा प्रलोभन यांनी धर्म बदलविण्यास त्याने मनाई केली, आणि धर्मांतराची खबर जिल्हा दंडाधिकाऱ्यास देणे भाग पाडले. रायपूरचे रेव्हरंड स्टॅनिस्लॉस यांनी त्यास आव्हान दिले. १७ जानेवारी १९७७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, आपल्या धर्माची तत्त्वे सांगून त्यांचा प्रसार करणे हा हक्क आहे. दुसऱ्यास आपल्या धर्मात आणणे हा हक्क नव्हे, कारण त्या दुसऱ्याचीही सद्सद्विवेकबुद्धी स्वतंत्र आहे. यातील शेवटचे वाक्य आम्हांस मान्य आहे. धान्य देऊन, धाक घालून किंवा आजाऱ्याच्या भीतीचा फायदा घेऊन जो शिष्य करतो, तो शेजाऱ्याचा धुरा नांगरतो. परंतु न्यायालयाने सांगणाऱ्याच्या हक्काचे माप घेतले, ऐकणाऱ्याच्या हक्काचे पुरते घेतले नाही, असे आम्ही नम्रपणे म्हणतो. ऐकून, विचार करून ज्याने आपला मार्ग बदलला, त्याने अधिकाऱ्यापुढे आपले मन का उलगडून दाखवावे? मेळघाटापलीकडे त्याच राज्यात २०२१ साली नवा कायदा झाला, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने आपल्या अंतरिम हुकमात पूर्वसूचनेचे कलम प्रथमदर्शनी घटनेशी विसंगत दिसते, असे म्हटले. म्हणजे हा विचार न्यायालयांतही संपलेला नाही.

कोणी म्हणेल, सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिल्यावर पाळकांनी त्यावर बोलावे काय? बोलावे, मात्र निकाल मोडून नव्हे, तो पाळून. न्यायालय मोजणीदारासारखे आहे. मोजणीदार शेत निर्माण करीत नाही. असलेल्या शेताची हद्द दाखवितो. त्याची साखळी कधी चुकते, आणि फेरमोजणी मागता येते. आणीबाणीत, २८ एप्रिल १९७६ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या पाचांपैकी चार न्यायाधीशांनी म्हटले की, विनाचौकशी कोंडलेल्या माणसास आपल्या सुटकेसाठी न्यायालयाचे दारही ठोठावता येणार नाही. आमच्या नागपूर खंडपीठाने व इतर कित्येक उच्च न्यायालयांनी त्याआधी उलट निर्णय दिला होता. न्यायमूर्ती हंसराज खन्ना हे एकटे भिन्न मत देऊन उभे राहिले, आणि पुढे सरन्यायाधीशपद त्यांस डावलून दुसऱ्यास देण्यात आले. १९७८ च्या घटनादुरुस्तीने जीविताचे व व्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण आणीबाणीतही थांबविता येऊ नये असे ठरले, आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी तो जुना निकाल चुकीचा ठरवून मोडून काढला. त्याच वेळी मर्यादेची कसोटीही सांगितली गेली: बंधनास कायद्याचा आधार असावा, त्याचा हेतू योग्य असावा, आणि ते हेतूच्या प्रमाणात असावे, उंदीर मारण्यासाठी कणगीस आग लावू नये. एकेचाळीस वर्षे एका मनुष्याचे भिन्न मत कागदावर वाट पाहत राहिले. यावरून दिसते की हक्क न्यायालयाच्या पदरचे दान नव्हे, आणि न्यायालयावाचून तो दुबळ्याच्या हाती टिकतही नाही.

पौल प्रेषिताच्या चरित्रात या दोन्ही गोष्टी एकत्र दिसतात. फिलिप्पै येथे त्यास विनाचौकशी फटके मारून कोंडले, तेव्हा गुपचूप निघून जाण्यास त्याने नकार दिला व आपला रोमी नागरिकाचा हक्क पुढे केला. फेस्तापुढे त्याने कैसराकडे दाद मागितली. हक्क मागणे हे अहंकाराचे लक्षण असते, तर त्याने ते केले नसते. परंतु तोच पौल करिंथच्या मंडळीस लिहितो की, खाण्यापिण्याचा व उपजीविकेचा आपला हक्क दुर्बल भावाच्या अडखळण्यास कारण होत असेल, तर आपण तो सोडून देतो. राज्याशी बोलताना त्याने हक्क सोडला नाही. भावाशी वागताना तो धरून ठेवला नाही. आमची चूक बहुधा याच्या उलट होते. तलाठ्यापुढे आम्ही मुके होतो, आणि भावकीत व मंडळीत तेवढा हक्क गाजवितो.

म्हणून उपदेशक बंधूंस आमची विनंती अशी: आपल्या मंडळीतील लोकांस पंचविसावे कलम वाचून दाखवा, त्याच्या मर्यादांसह वाचून दाखवा. बाप्तिस्म्याची नोंदवही खरी ठेवा. कोणाच्या दाखल्यासाठी तिच्यातील पान फाडू नका, आणि संख्या वाढविण्यासाठी कोणाचे नाव घालू नका. जे घर विश्वास धरते पण मुलाच्या शिक्षणाच्या काळजीने पाण्यापाशी अडून राहते, त्यास भित्रे म्हणून हिणवू नका. त्याच्या खांद्यावरचे ओझे कायद्याने ठेवले आहे, ते उचलण्यास मंडळीने आपल्या शिष्यवृत्तीच्या पेटीतून हात लावावा. अन्याय वाटतो तेथे अर्ज करा, वकील गाठा, अपील करा. दंगा करू नका आणि खोटे लिहून देऊ नका. प्रभूच्या दृष्टांतातील विधवेने न्यायाधीशास कंटाळा येईपर्यंत दार सोडले नाही, पण तिने दार फोडलेही नाही. आणि जेव्हा एखादे बंधन आमच्यावर पडेल, तेव्हा रागावण्याआधी धुऱ्यापलीकडे पाहावे. तेथे कोणी शेजारी आपल्या हक्काची वाट पाहत उभा असेल, तर दोन पावले मागे सरावे. तेथे कोणीच नसेल, तर जागा सोडू नये.